अकरा पायऱ्या

तिसरी घंटा झाली तेव्हा मी अजून बाल्कनीच्या जिन्यात होतो,
कठडा धरून,
दर दोन पायऱ्यांनी भिंतीवरचे फोटो बघायला
थांबल्यासारखं करत.
पुढे निशाद, माझा भाचा,
मोबाइलमधलं तिकीट मशालीसारखं उंच धरून.

चौऱ्याऐंशी साली इथेच, रंगायतनला,
प्लॅन उघडायच्या दिवशी पहाटे साडेपाचला रांगेत होतो,
ह्याच नाटकासाठी, ह्याच बाईंसाठी.
दुसऱ्या अंकात शरयू केळुसकर
कंदील घेऊन माडीवरून धावत खाली यायच्या.
अकरा पायऱ्या.
मी नगरभूमापन कार्यालयातला माणूस,
मोजल्याशिवाय मला काही दिसत नाही.

आज पडदा वर गेला
आणि माडीला तीनच.

असं असतं तर, मी मनात म्हटलं.
आधी गुडघे जातात, मग जिना,
मग माडी, मग एक दिवस
नुसती खुर्ची आणि खुर्चीतला सत्कार,
शाल, नारळ,
निवेदकाने चुकवलेलं आडनाव.

दुसरा अंक.
बाई वर उभ्या. पाऊल टाकेनात.
कंदिलात बॅटरीचा दिवा होता, तो बाल्कनीतूनही कळत होता,
तरी त्यांनी वात मोठी करावी तशी बोटं फिरवली
आणि उजेड, शप्पथ सांगतो, वाढला.
मग एक पायरी.
मग कुणाची तरी चाहूल लागून थांबणं:
त्यात चार गेल्या.
दुसरी.
पदर खांद्यावर ओढून घेणं, अजून तीन.
तिसरी.
आणि जमिनीला टेकण्याआधी
हवेत धरलेला एक पाय, तोही धरला.
मी खुर्चीच्या हातावर बोटाने मोजत होतो.
अकरा भरल्या.

"जरा स्लो आहे ना?" निशाद म्हणाला.

प्रयोग सुटल्यावर मागच्या दाराने आत गेलो.
प्लास्टिकच्या खुर्चीत बाई, पायात रबरी चपला,
अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा अजून नाटकात,
डबीतून गोळी काढत होत्या.
म्हटलं, पायऱ्या कमी केल्यात, बरं केलंत,
ह्या वयात गुडघ्यांना—

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?
अकरांच्या जिन्याला मोठा टेम्पो लागतो.
निर्मात्याला छोटा परवडतो.
छोट्यात तीन मावतात."

मी मुकाट्याने स्वतःचा उजवा गुडघा चोळला.

"कुठे होतात बसायला?"
"वर. बाल्कनीत."
"शेवटचं वाक्य पोचलं?"

शेवटचं वाक्य: दार उघडंच आहे.
पाच मिनिटांपूर्वी ह्याच बाईंसाठी मी
उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.
पण सदतीस वर्षं नोकरी केली,
माप खोटं सांगवत नाही.
"दार पोचलं. आहे पोचलं. उघडंही पोचलं.
'च' नाही पोचला."

"च?"
हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.
गोळी मुठीत तशीच.
डोळे मिटून एकदा म्हणाल्या, मान हलवली.
पुन्हा म्हणाल्या. अंहं.
तिसऱ्यांदा तो च असा लागला
की साड्या घडी करणारी मुलगी
हातातली निरी धरून उभीच राहिली,
आणि मी दाराकडे वळून पाहिलं.

"हं. गुरुवारी वाशीला आहे," बाई म्हणाल्या,
आणि पाणी नसताना गोळी गिळली.

बाहेर एक पोरगा अख्खा जिना
एका खांद्यावर घेऊन चालला होता.
आतून पोकळ, प्लायवूडचा, न रंगवलेला,
पेन्सिलीने लिहिलेलं: डावी बाजू.
टेम्पोचं दार लागेना. त्याने सुतळीने बांधलं.
फटीतून एक पायरी
तलावपाळीकडे बघत राहिली.

निशाद रिक्षा थांबवत होता.
म्हटलं, गुरुवारची दोन काढ.
"खालची काढतो, जिना नको तुला."
म्हटलं, बाल्कनीचीच काढ.
शेवटची रांग.
च मोजायचाय मला.